मांजराचे दात आणि मांजराचे ताट

मांडव्याच्या बंदरावर मासळीची टोपली उतरली, की गिऱ्हाइकांच्या आधी मांजरे हजर असतात. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यांच्या दातांवर का बोलावे, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. पण कोळ्याच्या घरी मांजर हे शोभेचे जनावर नव्हे. जाळी आणि सुकी मासळी ते उंदरांपासून राखते. राबणाऱ्याचे तोंड दुखत आहे आणि घरात कोणास त्याचा पत्ता नाही, हे बरे नव्हे.

आम्ही स्वतःच त्या बाबतीत चुकलो. आमच्या कचेरीतली मांजरी ताटाशी येई, वास घेई आणि मागे फिरे. आम्ही तिला लाडावलेली म्हटले आणि दूधभात कालवून दिला. तो ती एकाच बाजूने चाटी. पुढे लाळ गळू लागली, तोंडास दुर्गंधी येऊ लागली. पावसाळ्यामुळे लाँच बंद; म्हणून २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने तिला टोपलीत घालून भाऊच्या धक्क्यास नेले. पशुवैद्यांनी चार दात काढले.

मोठ्या मांजरास तीस दात असतात. माणसाच्या दाढा जात्यासारख्या, मांजराच्या कात्रीसारख्या. जबडा आडवा फिरत नाही, म्हणून ते दळत नाही. तोडते आणि गिळते. अन्नाचे कण, लाळ आणि जंतू मिळून दातावर चिकट थर बसतो. तो रोज पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांनी काही दिवसांतच दगडासारखा होतो. त्यास आपण कीटण म्हणू. हिरडी लाल होते, सुटते, आणि आत दातास धरणारे हाड झिजते. माणसासारखी दातांची कीड मांजरास क्वचितच लागते; त्याचे खरे दुखणे हिरडीचे.

आता ताटाकडे वळू. दूधभात हे मांजराचे अन्न नव्हे. त्याला चावावे लागत नाही आणि त्यात टॉरीन हे द्रव्य फार थोडे असते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. मांस व मासळी यांत ते असते. मात्र मासळी खाणाऱ्या मांजराचे दात आपोआप स्वच्छ राहतात, ही आपल्या किनाऱ्यावरची समजूत खरी नाही. मासा मऊ, तो दात घासत नाही. उलट काटा टाळूत रुततो. काही कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून मासा उकडून, काटे काढून द्यावा. नुसत्या बांगड्यातारलीवर मांजर पोसू नये, आणि खारवलेली सुकी मासळी तर देऊच नये. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात, तेही टाळावे. कोंबडीच्या चिवट मांसाचा मोठा तुकडा दिला, तर दाढेला निदान काम पडते. दुकानातले कोरडे खाद्य बारीक असेल तर मांजर ते सबंध गिळते. दात आत रुतेपर्यंत फुटत नाहीत अशा मोठ्या, तंतुमय दाण्यांनी मात्र थर काहीसा पुसला जातो.

काहीसाच, असे आम्ही जाणून म्हणतो. दक्षिण हिंदी महासागरातील मॅरियन बेटावर १९४९ साली हवामान केंद्रात पाच मांजरे नेली. त्यांची प्रजा रानटी झाली आणि समुद्रपक्षी मारून जगू लागली. पुढे त्यांच्या कवट्या तपासल्या. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. कीटण फार थोड्यांच्या दातांवर होते, पण निम्म्याहून अधिक मांजरांत दाताभोवतीचे हाड रोगाने खाल्लेले होते. म्हणजे पिसांसकट पक्षी फाडून खाल्ला, तरी हिरडी वाचत नाही. दात पांढरे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये.

म्हणून आहाराबरोबर बोटही लागते. पिल्लू असतानाच मांडीवर घेऊन ओठ वर करण्याची सवय लावावी, आणि ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने दाढांची बाहेरची बाजू रोज पुसावी. आपली टूथपेस्ट वापरू नये. मांजर थुंकत नाही, गिळते. मिश्रीचे नाव तर काढूच नये (ती आपल्याही हिरड्यांचे काय करते, हा विषय निराळा). बसलेले कीटण घरी नखाने खरवडू नये. ते भूल देऊन पशुवैद्यच काढतो. मांजराने अन्न सोडले तर वाट पाहू नये. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते.

आमची मांजरी आता उरलेल्या सव्वीस दातांनी उकडलेली मांदेली खाते. ओठ वर करू देते, पण डावीकडचाच. उजवीकडे हात नेला की अजून फिसकारते.