कवटीतून शिरणारा उजेड

दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागते आणि परसातल्या कोंबड्या एकेक करून अंडी द्यायच्या थांबतात. रोज चार-पाच अंडी मिळत होती तिथं एखादं मिळालं तरी पुष्कळ. घरोघरी निदान एकच असतं: थंडी बाधली. मग खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट लागतं, दाण्यात लसूण-ओवा पडतो, कुणी शेगडी जवळ नेऊन ठेवतं. हे सगळं मायेपोटी होतं, पण दुखणं तिथं नसतंच. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि पिसं फुलवून ती ऊबदार हवेचा थर अंगाभोवती धरून ठेवते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच शिवारातली धडधाकट कोंबडी पाय पोटाखाली घेऊन, चोच पिसांत खुपसून ती रात्र निभावून नेते. थंडीत तिला थोडा जास्त दाणा लागतो, एवढंच. तिला कमी पडतो तो उजेड.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट सिद्ध झाली ती कॅनडातल्या एडमंटनमध्ये. तिथं डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. अल्बर्टा विद्यापीठातल्या विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञानं १९२४च्या हिवाळ्यात जुन्को नावाचे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून तो सूर्यास्तानंतरचा उजेड रोज थोडाथोडा वाढवत गेला. बाकीच्या पक्ष्यांना निसर्गातला आखूड दिवसच मिळाला. थंडी दोन्हींकडे सारखीच, हाडं गोठवणारी. तरीही दिव्याखालच्या पक्ष्यांच्या जननग्रंथी ऐन हिवाळ्यात वसंतातल्यासारख्या वाढल्या. ऋतू ऊन-थंडीवरून ओळखायचा नाही, दिवसाच्या लांबीवरून ओळखायचा, हे पक्ष्याच्या शरीराला पक्कं ठाऊक असतं. ऊन-थंडी फसवते. एखाद्या वर्षी फेब्रुवारीतच उकडतं, एखाद्या वर्षी मार्चमध्येही गारठा असतो. दिवसाची लांबी मात्र कधीच फसवत नाही.

पण ही लांबी पक्षी मोजतो कशानं? डोळ्यांनी, असं कुणीही म्हणेल. फ्रान्सच्या झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग केले आणि त्यातून निघालेलं उत्तर आजही थक्क करतं. दृष्टी गेलेल्या बदकांच्या जननग्रंथीही वाढत्या उजेडाबरोबर वाढल्या. पुढं बेन्वांनी क्वार्ट्झच्या बारीक कांडीतून उजेड थेट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसपाशी पोचवला, तेव्हाही तेच घडलं. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, आणि पिसं, कातडी, पातळ कवटी असं सगळं ओलांडून सूर्यप्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतो. प्रकाशातला तांबडा भाग सगळ्यांत खोल शिरतो. सकाळी उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीच्या डोक्यावर ऊन पडतं, तेव्हा ते अक्षरशः तिच्या डोक्यात शिरत असतं.

पुढचा उलगडा जपानमध्ये झाला. नागोया विद्यापीठातले ताकाशी योशिमुरा आणि त्यांचे सहकारी यांनी लावा पक्ष्यांवर काम करून २००३ ते २०१० या काळात ही सगळी साखळी मांडली. मेंदूतल्या त्या पेशींवर पुरेसा वेळ उजेड पडला की पियुषिका ग्रंथीच्या देठाशी टीएसएच तयार होऊ लागतं. थायरॉईडच्या तपासणीमुळे घराघरांत माहीत झालेलं तेच हे टीएसएच. फक्त इथं ते गळ्यातल्या ग्रंथीकडे जात नाही, उलट मेंदूकडे वळतं. तिथं त्याच्यामुळे थायरॉईडचं संप्रेरक कार्यक्षम रूपात येतं आणि त्या इशाऱ्यावर प्रजननाची पुढची संप्रेरकं सुटतात. सगळ्यांत विलक्षण गोष्ट वेळेची आहे. लाव्याला आखूड दिवसांतून एकदम लांब दिवसात आणलं, तर त्या पहिल्याच दिवशी, उजाडल्यापासून साधारण चौदाव्या तासाला ही टीएसएचची कळ दाबली जाते. एकच लांब दिवस, आणि शरीराला कळतं की ऋतू पालटला.

याच प्रयोगशाळेनं २०१३ साली दाखवलं की सतत मंद उजेडात कोंडलेला कोंबडाही आपल्या आतल्या घड्याळानं पहाटेच्या सुमारास आरवतो. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक होतंच. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं फुटल्याचं कळतं, ही त्यातली नवी भर.

आता एक प्रश्न उरतो. आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, तीही ठरावीक मोसमात. मग पाळीव कोंबडी बारा महिने अंडी देते ती कशी? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये रानकोंबडे आणि पाळीव जाती यांची जनुकं ताडून पाहिली. जगभरच्या जवळपास सगळ्या पाळीव कोंबड्यांत एका जनुकाचा एकच विशिष्ट अवतार आढळला. ते जनुक होतं टीएसएच ज्याला चिकटतं त्या ग्राहकाचं. ऋतूचा निरोप घेणारी हीच कडी पाळीव कोंबडीत बदललेली आहे आणि त्यामुळे ऋतूची पकड सैल झाली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. युरोपात उत्खननांतून मिळालेल्या कोंबड्यांच्या हाडांतला डीएनए तपासल्यावर आणखी एक गोष्ट २०१७ मध्ये पुढं आली: तिथं हा बदल झपाट्यानं पसरला तो सुमारे हजार वर्षांपूर्वी. त्या काळात युरोपची शहरं वाढत होती, आणि उपासाच्या दिवशी चतुष्पादांचं मांस वर्ज्य असल्यानं कोंबडी आणि अंड्यांना मागणी होती. माणसानं कोंबडीची ऋतूशी असलेली गाठ सैल केली. तोडली मात्र नाही. हिवाळ्यात अंडी कमी होतात ती त्या उरलेल्या गाठीमुळे.

ती गाठ आपल्याकडे किती आवळली जाते? लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. तिथं दिव्याशिवाय कोंबडी जवळजवळ बंदच पडते. पुण्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर. फरक दोन-सव्वादोन तासांचा. नागपूरला तो थोडा जास्त. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात अंडी घटतात, पण सहसा पूर्ण थांबत नाहीत. आणि पूर्ण थांबली तर बहुतेक वेळा उजेडाच्या जोडीला आणखी काहीतरी असतं.

ते ‘काहीतरी’ बरेचदा पिसं गळणं असतं. दिवस आखडू लागले की वर्षावरची कोंबडी जुनी पिसं टाकते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे नवा पिसारा येईपर्यंतचे दोन-तीन महिने अंड्याला शरीरात काही शिल्लक राहत नाही. दुसरं कारण म्हणजे खुडूक. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते, अंग फुगवून गुरगुरते आणि अंड्यावरून उठायला तयार नसते. हा उजेडाचा दोष नाही. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा तो अंमल आहे. वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीला दिवा लावून जागवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. ती खुडूक असेल तर तिच्याखाली अंडी ठेवावीत. पिल्लं काढणं हे तिचं काम ती कुठल्याही यंत्राइतकंच चोख करते. पिसं टाकणारीलाही विश्रांती द्यावी. दिव्याचा उपयोग ग्रामप्रिया, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) यांसारख्या, अंड्यांसाठी निपजवलेल्या आणि सहसा खुडूक न बसणाऱ्या कोंबड्यांना.

सर्वांत सोपा उपाय दिव्याचा नाहीच, पिल्लं आणण्याच्या वेळेचा आहे. तलंग साधारण वीस-बावीस आठवड्यांची झाली की पहिलं अंडं देते, आणि पहिल्या हिवाळ्यात ती सहसा पिसं टाकत नाही. मे-जूनमध्ये पिल्लं आणली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जुन्या कोंबड्या थकतात नेमक्या तेव्हा, तलंगा अंड्यावर येतात.

अंडं देते की नाही हे पाहण्याची एक जुनी खूण सांगून ठेवते. रात्री खुराड्यात कोंबड्या शांत असतात तेव्हा एकीला अलगद उचलून काखेत धरावं, डोकं मागच्या बाजूला. शेपटीखाली, मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद हाडांची टोकं बोटांना लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी मावतात आणि खालचं पोट मऊ लागतं. थांबलेल्या कोंबडीत एक बोटही कष्टानं जातं. तुरा पाहावा: अंड्यावरचीचा लालबुंद, भरलेला आणि ऊबदार, थांबलेलीचा आकसलेला, फिकट, खवल्यांसारखा कोरडा. दहा कोंबड्यांत कोण फुकट खातंय याचा उलगडा पाच मिनिटांत होतो.

आता त्या पोटाच्या आत रात्रभर काय चालतं तेही पाहण्यासारखं आहे. बलक अंडाशयातून सुटला की पंधरा-वीस मिनिटांत बीजनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात झेलला जातो. पुढचे तीन तास त्याच्यावर पांढऱ्याचे थर चढतात, मग सव्वा तासात आतले पापुद्रे. उरलेले वीस-एक तास एकच काम: कवच. सगळा हिशेब चोवीस तासांपेक्षा थोडा जास्त भरतो. म्हणून आज सकाळी आठला अंडं दिलेली कोंबडी उद्या नऊला देते, परवा आणखी उशिरा, आणि वेळ दुपारपर्यंत सरकली की एक दिवस खाडा करून पुन्हा सकाळवर येते. हा खाडा आजार नव्हे.

कवचाचं बहुतेक काम रात्री होतं, आणि एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. रात्री कोंबडी खात नाही. मग ते येतं कुठून? पहिल्या अंड्याआधी काही दिवस तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच, ठिसूळ हाड तयार होतं. त्याचं काम केवळ कॅल्शियम साठवण्याचं. रात्री ते विरघळतं, दिवसा पुन्हा भरतं. डिसेंबरात पुण्याची रात्र तेरा तासांची असते, म्हणजे ही उसनवारी लांबते. त्यामुळे शिंपल्याची भरड संध्याकाळीच द्यावी, तीही जाडसर; बारीक पूड लगेच पुढं सरकते, जाड तुकडे पोटातल्या पेषणीत टिकून रात्रभर हळूहळू विरघळतात. कोकणात तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या घरात असतातच. धुऊन, भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. कोंबडी आपल्या गरजेपुरतं उचलते.

दाण्याचंही एक सांगायला हवं. सुगीनंतर खळ्यात ज्वारी-बाजरी सांडलेली असते, कोंबडीची गळ्याखालची पिशवी टम्म दिसते आणि आपण निर्धास्त होतो. पण पावसाळ्यातले किडे, गांडुळं, हिरवा पाला याच सुमारास संपतो. पोट भरतं, प्रथिन आटतं. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, कोकणात सुकटीचा चुरा आणि जोडीला लसूणघास किंवा शेवग्याचा पाला, यांनी ही तूट भरते. आणि पाणी: अंड्याचा दोनतृतीयांश भाग पाणीच असतो. भांडं रात्री रिकामं राहिलं तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर दिसतो.

खुराडं गोणपाटानं बंदिस्त करणं हा मात्र खरा घात. कोंबडीच्या श्वासातली वाफ आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडतो, तूस ओलं होतं, डोळे आणि छाती बिघडते. बसायच्या दांडीच्या पातळीला वारा लागू नये, पण वर छपराखाली फट उघडी असावी. आत वाकल्यावर आपल्या नाकाला झोंबलं, तर कोंबडीला ते रात्रभर झोंबलेलं असतं.

मग दिवा. दहा बाय दहाच्या खोलीला सात-आठ वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो. दांडीजवळ वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुष्कळ झाला. पांढऱ्यापेक्षा पिवळसर बरा, कारण त्यात तांबडा भाग जास्त. गवत-पेंढ्यापासून तो दूर, पक्का बांधलेला असावा. लावायचा पहाटे. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात, दांडी त्यांना सापडत नाही. उजेड आठवड्याला पाव-अर्धा तास असा वाढवावा आणि वेळ पाळावी. बलक मोठा व्हायलाच आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा दोन-तीन आठवडे धीर धरावा. भारनियमनाच्या गावात चार्जिंगचा दिवा आणि टायमर घ्यावा. वाढलेला दिवस मध्येच आखडला तर शरीर त्याला शिशिर समजतं आणि पिसं गळायला लागतात. दिव्यामुळे कोंबडीची अंडी लवकर संपतात, ही भीती मात्र निराधार आहे. तिच्या एकुलत्या कार्यरत, डाव्या अंडाशयात हजारो अंडपेशी असतात आणि आयुष्यभरात त्यांचा थोडाच भाग वापरला जातो.

पुस्तकं चौदा ते सोळा तास उजेड सांगतात. व्यापारी पोल्ट्रीत ते ठीक आहे. परसासाठी मी तेरा तासांवर थांबावं म्हणते, आणि त्याचं कारण आपल्या अक्षांशात आहे. महाराष्ट्रात नैसर्गिक दिवस चौदा तासांचा कधी होतच नाही. एकदा चौदाची सवय लावली की दिवा वर्षभर काढता येत नाही; काढला की कोंबडीला तो हिवाळाच. तेराचं तसं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवस तेरा तासांखाली उतरतो, तेव्हापासूनच पहाटे थोडा दिवा लावून तो तेरावर राखायचा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवा पहाटे पाचला. पुढं सूर्यास्त जसा लांबेल तसा दिवा उशिरा लावत जायचा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य सहाला उगवतो, सातला मावळतो. त्या आठवड्यात दिवा काढून, पुसून, ऑगस्टपर्यंत फडताळात ठेवता येतो आणि कोंबड्यांना काही कळतही नाही.