रंधा कोणाचा?

पावसाळ्याआधी गावच्या घराची कौले उतरवली, तेव्हा माळ्यावरून आजोबांची हत्यारांची पेटी खाली आली. करवती, पटाशा, हातोडी आणि गंजलेला एक लोखंडी रंधा. दारात आलेला भंगारवाला म्हणाला, "किलोच्या भावाने घेतो." चाचा म्हणाले, "अमेरिकन आहे, जुना आहे, लाखाला जाईल!" अम्मींनी दोघांनाही थांबवले. "अगोदर वस्तू काय आहे ते तरी बघा."

म्हणून आम्ही बघायला बसलो. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, थोडे तेल लावले. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मुद्दामच लावला नाही. जुन्या हत्यारावरची अक्षरे त्याने घासून जातात आणि अक्षरे गेली की ओळख गेली.

रंध्याच्या पुढच्या टोकावर ओतीव अक्षरांत 'बेली' असे नाव आणि ४ हा आकडा होता. लिओनार्ड बेली हा अमेरिकेतला रंधे बनवणारा कारागीर. पाते वरखाली करण्याची त्याची पद्धत इतकी सोयीची ठरली की स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्याचे पेटंट हक्क घेतले. चार हा मापाचा क्रमांक आहे. असा रंधा सुमारे नऊ इंच लांब आणि पाते दोन इंच रुंद असते. हे सर्वांत खपाचे माप, लाखोंनी तयार झालेले. लाखाची आशा तिथेच मावळली. त्याच कंपनीचा एक नंबरचा, जेमतेम साडेपाच इंचाचा रंधा मात्र दुर्मीळ आहे. संग्राहक त्याला मोठी किंमत देतात आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात.

पाते काढल्यावर तळावर पेटंटच्या तीन तारखा दिसल्या. दोन १९०२ च्या, तिसरी १९ एप्रिल १९१०. इथे अनेकांची फसगत होते. ही तारीख पेटंटची असते, रंधा तयार झाल्याची नव्हे. रंधा १९१० नंतरचा, एवढेच तिच्यावरून कळते. पुढची खूण लाकडी गोळ्याची. आमच्या रंध्याचा पुढचा गोळा बुटका आहे. साधारण १९१९ पासून तो उंच झाला. म्हणजे रंधा १९१० ते १९१८ या काळातला.

पात्यावर मात्र 'रेकॉर्ड' असा शिक्का होता. ही इंग्लंडमधल्या शेफील्डची छाप, तिचे रंधे १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले. तिच्या चार नंबरच्या रंध्यावर ०४ असे लिहिलेले असते. मग एकाच रंध्यावर दोन नावे कशी? धार लावून लावून पाते झिजते आणि नवे घालावे लागते. म्हणून वय ठरवताना पात्यावर नव्हे, अंगावर भरवसा ठेवावा. आणि विकायची वेळ आली, तर बदललेले पाते गिऱ्हाइकाला आधी दाखवावे. मालातला दोष लपवून विकणे हलाल नाही.

इथवर सारी गंमत होती. मग अब्बा गप्प झाले. आजोबांनी पहिल्या कमाईतून हा रंधा कोरा करकरीत विकत घेतला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आजोबांचा जन्म १९२१ चा. मागची मूठ उजेडात धरली तेव्हा तिच्यावर दोन अक्षरे कोरलेली दिसली. ती पणजोबांच्या नावाची होती.

अब्बांनी त्यांच्या फुफींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तो माझ्या अब्बांचा. आगबोटीवर सुतार होते ते. त्यांच्यामागे दोघे भाऊ तोच रंधा आळीपाळीने चालवायचे. वाटणी कधी झालीच नाही."

म्हणजे ज्या वस्तूचा भाव आम्ही ठरवत बसलो होतो, ती एकट्या आमची नव्हतीच. धाकट्या आजोबांच्या घरच्यांचा आणि खुद्द फुफींचाही तिच्यात हक्क होता. वारशात वस्तू लहान की मोठी हे पाहायचे नसते. अब्बांनी भंगारवाल्याला परत पाठवले आणि सगळ्यांना फोन केले.

हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगला घास नाही, ही शिकवणही आपण मुलांना देतो. आमच्या घराण्यात आज सुतारकाम करतो तो एकच, धाकट्या आजोबांचा नातू. सगळ्यांच्या राजीखुशीने रंधा त्याच्याकडे गेला. त्याने पात्याला धार लावली आणि पहिल्याच पावसात फुगलेला आमचा दरवाजा त्याच रंध्याने तासून दिला.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. ती तराजूत टाकण्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे वाचा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एकदा विचारा.