लांडग्याचं नाव आणि नगरचा माळ

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानभर पसरलेल्या जर्मनांची धरपकड सुरू झाली. त्यांतल्या अनेकांना नगरच्या छावणीत आणलं गेलं. नगरकरांना हे नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धातही जर्मन इथेच डांबले होते. नंगा पर्वताच्या पाहणीवरून परतताना कराचीत अडकलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हाही आधी नगरलाच आला, मग देवळाली आणि शेवटी देहरादून. तिथून 29 एप्रिल 1944 रोजी हाररसह सात जण भर दिवसा फाटकातून बाहेर पडले. पाच जण तोंडाला रंग फासून मजूर झाले होते. उरलेले दोघे गोऱ्या साहेबांच्या वेशात, एकाच्या हातात नकाशांची गुंडाळी. या दोघा साहेबांतला एक रॉल्फ मागेनर. हारर पुढे तिबेटात गेला आणि जगप्रसिद्ध झाला. मागेनर ब्रह्मदेशात जपान्यांपर्यंत पोहोचला, पण आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

या लेखाला मात्र त्याचं नावच हवं आहे. रॉल्फ म्हणजे रुडॉल्फचं आटलेलं रूप. त्यात दोन तुकडे आहेत: एक कीर्तीचा, दुसरा लांडग्याचा. जुन्या जर्मन टोळ्या नावं अशीच जोडून करत. कीर्ती, युद्ध, सल्ला, कुलीनता, भाला, अस्वल, गरुड, लांडगा असे ठरलेले तुकडे असत. बापाच्या नावातला एक आणि आईकडचा एक घेतला की मुलाचं नाव तयार. त्यामुळे जोडनावाला दर वेळी सरळ अर्थ असेलच असं नाही. जपायचं असे ते घराणं. बर्नार्डमध्ये अस्वल आहे, अर्नोल्डमध्ये गरुड, राल्फ आणि अ‍ॅडॉल्फमध्ये पुन्हा लांडगा. देवदत्त, जयसिंग अशी नावं ठेवणाऱ्या आपल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये.

लांडगाच का, याचं उत्तर रणांगणावर मिळतं. लढाई संपली की प्रेतांवर लांडगे आणि कावळे येत. उत्तरेकडच्या कथांत ओडिन या युद्धदेवाच्या पायाशी दोन लांडगे बसलेले असतात, खांद्यांवर दोन डोमकावळे. योद्ध्यांच्या समाजात हे बिरुद होतं.

मग ख्रिस्ती धर्म आला. ही नावं पुसली जायला हवी होती, पण तसं झालं नाही. चौथ्या शतकात गॉथ लोकांच्या भाषेत बायबल नेणाऱ्या बिशपचं नावच वुल्फिला, म्हणजे छोटा लांडगा. रेगेन्सबुर्गचा बिशप वोल्फगांग 994 मध्ये वारला, पुढे संत झाला, आणि लांडग्याचं नाव थेट चर्चच्या पंचांगात जाऊन बसलं. आता त्या नावाने बाप्तिस्मा द्यायला कोण हरकत घेणार? नगर जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. इथे राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते नारायणच राहिले, पत्नी लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच, आणि मुलगा देवदत्त म्हणूनच ओळखला गेला. देव बदलला तरी नाव बदलायला माणूस सहसा तयार नसतो.

गटे आणि मोझार्ट या दोन वोल्फगांगांनी त्या नावाला पुढे वेगळंच वजन दिलं. विसाव्या शतकाच्या तिशीत-चाळिशीत जर्मनीत वोल्फगांग आणि रॉल्फ घरोघरी होते. गंमत अशी की लांडगा तोवर देशातून गेलेला होता. लाउझित्स भागातला शेवटचा लांडगा 1904 मध्ये मारला गेला, असं तिकडे मानतात. म्हणजे ज्या आया मुलांना ही हाक मारत होत्या, त्यांच्यातल्या बहुतेकींनी लांडगा चित्रातच पाहिलेला. 2000 साली सॅक्सनीत पुन्हा लांडग्याची पिल्लं जन्मली, तोवर वोल्फगांग हे आजोबांचं नाव होऊन बसलं होतं. अ‍ॅडॉल्फची कथा निराळी. ‘कुलीन लांडगा’ असं हे जुनं, साधं नाव. पण 1945 नंतर ते कुणी ठेवीनासं झालं. हिटलरला स्वतःला ‘वोल्फ’ म्हणवून घ्यायला आवडे, पूर्व प्रशियातल्या त्याच्या मुख्य तळाचं नावही लांडग्यावरूनच होतं. एका माणसाने हजार वर्षांचं नाव असं नासवलं.

इकडे नगरच्या माळावर लांडगा अजून आहे. कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्याची ओळख काळविटांची, पण अशा गवताळ रानातच लांडग्याचाही वावर असतो. धनगराच्या लेखी तो रात्रीचा हिशेब आहे: वाघूर नीट लावली का, कुत्री जागी आहेत का, लेंढारातली कोकरं मोजून भरली का. जिल्ह्याला आता जिचं नाव आहे, ती चौंडीची अहिल्या अशाच धनगराच्या घरात जन्मली.

आपल्याकडे प्राणी नावात येत नाहीत असं मुळीच नाही. वाघोजी आहेत, खंडोबाला वाहिलेला वाघ्या आहे. आडनावांत तर अख्खं रान आहे: वाघ, कोल्हे, लांडगे. कोपरगावच्या शंकरराव कोल्ह्यांनी मंत्रिपद भूषवलं, साखर कारखाना चालवला; कोल्हा हा लबाडीचा प्राणी म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पण पाळण्यात ठेवायच्या नावात लांडगा नाही. मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू, केरबा ठेवतील, लांडगा ठेवणार नाहीत. महाभारतात भीमाला वृकोदर म्हटलंय, लांडग्यासारखं पोट असलेला. घराघरांत भीमराव झाले, वृकोदरराव एकही ऐकिवात नाही.

भीती हे त्याचं कारण मला पटत नाही, कारण वाघाची भीती काही कमी नाही. फरक पाहणाऱ्याच्या जागेत आहे. ओडिनचे भक्त लांडग्याकडे लढवय्याच्या नजरेने पाहत होते, आणि लढवय्याला लांडग्याची भूक परकी वाटत नाही. आपली भाषा त्याच्याकडे मेंढपाळाच्या बाजूने पाहते. म्हणून ‘लांडगेतोड’ हा शब्द आपल्याकडे लुबाडणुकीसाठी आहे. आडनाव चालतं, कारण ते वाडवडिलांकडून आयतं येतं, त्याला कुणी जबाबदार नसतं. पाळण्यातलं नाव निवडावं लागतं, आणि ते निवडणाऱ्या आत्याच्या माहेरी मेंढरं असतात.