बोरीच्या राखेचे वय

गावच्या पांढरीत सापडलेली खापरे किंवा नदीकाठची दगडी हत्यारे किती हजार वर्षांची, हे ठामपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. उत्सवाच्या स्मरणिकेत तो आकडा छापूनही येतो, आणि एकदा छापला गेला की पुढच्या स्मरणिकेस तेवढा आधार पुरतो. परंतु तो मूळ कोणी व कशावरून मुक्रर केला याची शहानिशा करू जाता काय हाती लागते, हे पाहावयाचे तर पुणे जिल्ह्यातील कुकडीकाठच्या बोरीचे प्रकरण पाहावे.

तेथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर असून त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. 1989 साली पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने त्या राखेचे वय सुमारे 14 लक्ष वर्षे निघाले. 1995 साली अर्गॉन-अर्गॉन पद्धतीने ते 6 लक्ष 70 हजारांवर आले. आणि त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. तिन्ही आकडे जाणत्या विद्वानांचे, तिन्ही छापील. त्यांतला सोयीचा तेवढा उचलणारा खोटे लिहीत नसला तरी अर्धेच सांगतो. शिवाय वय मोजले ते राखेचे, हत्यारांचे नव्हे. आणि नदी राखेत जुन्या खनिजांचे कण कालविते, तशीच जुनी हत्यारेही नव्या गाळात नेऊन टाकते, हे ध्यानी घेतले म्हणजे वादाचे मूळ कळते.

त्या मानाने घोडकाठच्या इनामगावचा दाखला पुष्कळच निर्वेध. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननाचा सविस्तर अहवाल 1988 साली प्रसिद्ध झाला, आणि तेथील वस्तीचा काळ इ. स. पूर्व 1600 ते 700 असा कालखंडवार मांडला गेला. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात अशा उत्खननांची पहिली नोंद सापडते, ती त्रोटक असल्याने अंतिम अहवालाशी ताडून घ्यावी. मात्र किरणोत्सारी कार्बनाच्या तक्त्यात ‘आजपूर्वी 3000’ असे असेल तर ‘आज’ म्हणजे 1950 साल समजावयाचे, त्याचे इ. स. पूर्व 3000 करून टाकणारे महाभाग थोडे नाहीत! आणि 1885 चे पुणे गॅझेटियर देवळे-लेण्यांसाठी आजही उघडावे, पण ही कार्बनपद्धतीच मुळी 1949 ची, तेव्हा प्रागैतिहासिक सनावळीसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

स्मरणिकांच्या संपादकांस विनंती एवढीच की, आकड्याशेजारी मोजलेला पदार्थ, मोजण्याची पद्धत आणि अहवालाचे साल छापावे. त्यास एक ओळ जास्त लागेल.