तरणं पोर गप्प झालं तर

पिकावर करपा दिसला की आपण लगेच इलाज करतो. घरातलं तरणं पोर पंधरा दिवस गप्प असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर तसंच करा. 'जगून काय करू' म्हणालं, तर त्याच दिवशी हालचाल करा.

१) रागावू नका. जवळ बसून ऐका.

२) फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा.

३) १४४१६ वर फोन लावा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही आहे.

४) आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा.

५) विष घेतलंच, तर १०८ ची गाडी बोलवा, डबा सोबत न्या.

लाज कसली? हाही आजारच. उपचाराने पोर सावरतं.