डब्यातला कढीलिंब

दारात मोकळी जमीन नसली की माणसे डब्यात झाड लावतात. आमच्याकडेही असा एक कढीलिंब होता. आमच्या आईने तो तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावला होता. आई गेली, आणि झाडाला पाणी घालणे आमच्याकडे आले.

पुढे पाने पिवळी पडू लागली. आम्हाला वाटले, झाड तहानले. आम्ही आणखी पाणी घातले. झाड मेले! डबा उलटा केला तेव्हा कारण कळले. मुळे काळी पडून कुजली होती. डब्याचे भोक चिकट मातीने बुजले होते.

मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. डब्यात शेतातली काळी माती होती. ती भिजली की फुगते आणि हवा कोंडते. वाळली की तडकते. मग पाणी भेगेतून खाली जाते, मुळे कोरडीच राहतात. ही माती शेतात सोने, पण डब्यात नुसता चिखल.

मग माती कशी करावी? दोन घमेली पोयटा, एक घमेले नदीची जाड वाळू आणि एक घमेले जुने कुजलेले शेणखत घ्यावे. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे भाजतात. डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडावीत. त्यांवर खापरीचे तुकडे पालथे ठेवावेत. पाणी जाते, माती राहते.

दर दोन वर्षांनी, पावसाळा लागला की माती बदलावी. झाड मातीच्या गोळ्यासह काढावे. गोल गोल वेढे घातलेली बाहेरची मुळे धारदार विळीने कापावीत. थोड्या फांद्याही छाटाव्यात. नवी माती भरून झाड पूर्वीइतकेच खोल लावावे. आठ दिवस सावलीत ठेवावे.

रोज पाणी घालायचे का? नाही. मातीत बोट घालून बघा. दोन पेरे कोरडे लागले, तरच घाला.

आईच्या झाडाचे एक रोप बहिणीकडे दिले होते. तिच्याकडून आम्ही पुन्हा रोप आणले. ते आज अकरा वर्षे उभे आहे. आमटीला फोडणी पडली की आईची आठवण येते.

तुमच्या दारात डबा आहे ना? आजच वाकून बघा. भोक मोकळे आहे का?