इंग्रजीतील जुने शब्द : काही रूढ भ्रम

शेक्सपियरच्या नाटकांतील भाषेस ‘जुनी इंग्रजी’ म्हणण्याचा प्रघात शिकल्यासवरल्या मंडळींतही इतका दृढ झाला आहे की, त्यास हरकत घेणारा मनुष्य विक्षिप्त ठरावा. वस्तुतः ही संज्ञा सुमारे पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेस लावतात. ‘बेओवुल्फ’ हे काव्य, ज्याची एकमेव हस्तलिखित प्रत इ. स. १००० च्या सुमाराची आहे, त्या भाषेत रचलेले असून, आजच्या इंग्रजासही ते परभाषेप्रमाणे शिकावे लागते. १६१६ साली निवर्तलेला शेक्सपियर आधुनिक इंग्रजीच्या उष:कालातला.

या उष:कालातील ‘दाऊ’ या सर्वनामाविषयीचा भ्रम जवळजवळ सार्वत्रिक म्हणावा लागेल. राजा जेम्सच्या आज्ञेने १६११ साली सिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात परमेश्वरास उद्देशून हेच सर्वनाम येते आणि पुढे नित्य व्यवहारातून लुप्त होऊन ते मुख्यत्वे प्रार्थनेत व काव्यात उरले. त्यामुळे तो मोठ्या अदबीचा, दरबारी थाटाचा शब्द असावा, असे वाचकास वाटते. खरा प्रकार नेमका उलट आहे. ‘दाऊ’ म्हणजे आपले ‘तू’, जवळच्या वा कनिष्ठ माणसासाठी. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन आणि म्हणूनच आदरार्थी. १६०३ साली विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला असता, सरकारपक्षाचे वकील एडवर्ड कोक भर न्यायसभेत त्यांना ‘दाऊ’ म्हणाले, ते मानखंडनेच्याच हेतूने. आपल्या बोलीत सांगायचे तर ते अरेतुरेवर आले. उलट सतराव्या शतकातील क्वेकर पंथीय, ईश्वरापुढे सारी मनुष्ये समान या श्रद्धेने, हाकिमालाही ‘दाऊ’ म्हणत आणि त्यापायी हाकिमांची खप्पामर्जी ओढवून घेत. विठोबाशी अरेतुरे करणाऱ्या संतांची वाणी ज्याच्या कानी पडली आहे, त्या मराठी वाचकास प्रार्थनेतील हे ‘तू’ समजावून सांगण्याचे वास्तविक प्रयोजन नाही. ते प्रयोजन इंग्रजांनाच अधिक.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर १६६७ साली पुन्हा बांधलेले एक पानगृह आहे. त्याच्या नावाचा आरंभ ‘यी ओल्ड’ असा वाचण्याचा परिपाठ आहे. हा ‘यी’ उच्चार म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम होय. जुन्या इंग्रजीत ‘थ’ आणि ‘द’ यांच्याजवळच्या ध्वनींसाठी ‘थॉर्न’ नावाचे, रूनिक लिपीतून आलेले एक अक्षर होते. लेखनिकांच्या हातून त्याचा वरचा दांडा झिजत गेला, पोटाची गाठ सुटली आणि ते ‘वाय’ या अक्षरासारखे दिसू लागले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. तथापि यूरोप खंडातून येणाऱ्या खिळ्यांत ‘थॉर्न’ नव्हतेच, आणि छापणाऱ्यांनी वेळ निभावण्यासाठी ‘वाय’चा खिळा वापरला. वाचणारा मात्र ‘द’ असेच वाचीत असे. ‘तुम्ही’ या अर्थाचे ‘यी’ हे सर्वनाम खरोखरच होते. पण ते निराळे, त्याचा या पाट्यांशी काडीमात्र संबंध नाही.

‘फॉर्लॉर्न होप’ या शब्दसमूहाचा अर्थ आज कोणीही ‘व्यर्थ आशा’ असाच करील, परंतु मुळात तेथे आशा नाही आणि निराशाही नाही. डच भाषेतील ‘व्हर्लोरेन होप’ म्हणजे गमावलेली टोळी: किल्ल्याच्या तटास खिंडार पडले की त्यात सर्वांआधी घुसणारी, परत येण्याची फारशी शक्यता नसलेली तुकडी. १८१२ साली स्पेनमधील बादाहोसच्या तटावर वेलिंग्टनच्या फौजेतील अशा तुकड्या रात्रीच्या अंधारात चढून गेल्या. डच ‘होप’ म्हणजे जमाव. इंग्रजी कानाने त्यास आपल्या ओळखीचा ‘होप’ समजून घेतले आणि नवा अर्थ रूढ झाला.

सरलॉइन या गोमांसाच्या तुकड्यास कोणा राजाने खूश होऊन ‘सर’ ही पदवी बहाल केली, ही कथा तर डॉ. जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशातही शिरली आहे. वास्तविक तो जुन्या फ्रेंचमधील, कमरेच्या वरचा भाग दर्शविणारा शब्द. ‘पॉश’विषयीची कथा आपल्या मुंबई बंदरापर्यंत येते: हिंदुस्थानास जाताना डाव्या बाजूच्या व परतताना उजव्या बाजूच्या सावलीतील खोल्यांच्या तिकिटांवर म्हणे ती चार आद्याक्षरे असत. तसे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, आणि आद्याक्षरांची मोळी बांधून शब्द घडविण्याची चाल विसाव्या शतकापूर्वी इंग्रजीत अत्यंत विरळ होती. व्युत्पत्ती जितकी चटकदार, तितका तिचा दस्तऐवज अधिक कसोशीने मागावा. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाने प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे दिली, ती याचसाठी.

शेवटी आपल्या घरचा एक शब्द. ‘मॉन्गूस’मध्ये ‘गूस’ ऐकून त्याचा संबंध हंसबदकाशी जोडणारे आणि त्याच चालीवर अनेकवचनी ‘मॉन्गीस’ म्हणणारे लोक अद्याप भेटतात. तो शब्द मराठी ‘मुंगुसा’चा आहे, बदकाची छाप पडली ती केवळ त्याच्या वर्णलेखनावर, आणि त्याचे शिष्टमान्य अनेकवचन ‘मॉन्गूसेस’ असेच होते.